कोडिंगला फॉन्ट कुठला वापरता? (चाळिशी लागलेल्यांनी आधी बोला)

तिरपा_शून्य, इंदिरानगर
सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, विषय फालतू वाटेल पण माझ्या दोन रात्री गेल्यात म्हणून विचारतोच.

मी घरूनच काम करतो. द्राक्षाच्या पॅकहाउसवाल्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे आमचं, म्हणजे कोणाचा माल किती आला, प्रतवारी काय लागली, पैसे किती द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी बँकेला पाठवायची पेमेंटची फाईल. सीझनला रोज एक फाईल जाते. परवा त्यातल्या एकोणीस शेतकऱ्यांचे पैसे परत आले. एकोणीस! सगळे एकाच शाखेचे. रात्री साडेदहाला बसलो, कोड उलटापालटा केला, लॉग चाळले, तारखेचा फॉरमॅट बघितला, चहा झाला, परत तेच बघितलं. दीड वाजता बायको पाणी प्यायला उठली, माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या ओळीतला ओ एवढा गरगरीत का आहे?"

आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. आमच्या ऑपरेटर पोराने शाखेची नोंद करताना तिथे इंग्रजी ओ दाबला होता, दाबला एकदाच पण मास्टरला (शाखांच्या मूळ यादीत) दाबला म्हणून एकोणीस जणांना लागला. आणि मी जो ग्रिड (स्क्रीनवरचा तक्ता) बघत होतो तो एरियलमध्ये, तिथे शून्य आणि ओ म्हणजे सख्खे भाऊ. एडिटरमध्ये (जिथे कोड लिहितो तिथे) कन्सोलास आहे, त्यात शून्याला तिरपी रेघ असते, तिथे उघडला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

तर आता दोन्हीकडचे फॉन्ट बदलायचे ठरवलंय. गेल्याच महिन्यात चाळिशी लागली (वय आणि चष्मा दोन्ही). लॅपटॉप जुना, १३६६ पिक्सेल रुंदीचा, शेजारी २४ इंची फुल एचडी मॉनिटर. तुम्ही काय वापरता आणि का, ते सांगा. आणि एक, आमच्या डेटात मराठी नावं भरपूर असतात, त्याचं काय करता?

सातपूरकर
सोमवार, रात्री ११:५८

जेटब्रेन्स मोनो. साईज १४. धागा बंद करा.

भद्रकालीचा_भुंगा
मंगळवार, सकाळी ७:१५

हा फॉन्टचा प्रॉब्लेम नाहीये राव, व्हॅलिडेशनचा आहे. पाचवं अक्षर शून्य नसेल तर सेव्हच होऊ द्यायचं नाही, एक ओळीचा चेक आहे. फॉन्ट बदलून बग जात असते तर आम्ही सगळे सुलेखन शिकलो असतो.

तिरपा_शून्य
मंगळवार, सकाळी ८:०२

टाकला हो चेक, त्याच रात्री टाकला. पण दीड वाजेपर्यंत मला दिसलं का नाही हा प्रश्न उरतोच ना.

अक्षरवेडी
मंगळवार, सकाळी १०:४०

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. अक्षर ओळखू येणं ही एक, आणि आठ तास बघून डोळा न शिणणं ही दुसरी. लोक दुसरीसाठी फॉन्ट निवडतात आणि पहिलीत मार खातात.

पहिलीची परीक्षा घरच्या घरी होते. एडिटरमध्ये एका ओळीत टाईप करा: शून्य, मोठा ओ, छोटा ओ. मग एक, छोटा एल, मोठा आय आणि उभी रेघ. मग पाच आणि एस, दोन आणि झेड, आठ आणि बी. मग महिरपी कंस आणि साधा कंस शेजारी शेजारी, कोलन-सेमीकोलन, टिंब-स्वल्पविराम, एकेरी अवतरण आणि उलटं अवतरण. आता खुर्ची दोन फूट मागे घ्या आणि मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल ती जोडी तुम्हाला कधीतरी नडणार. आणि हे सगळं तुमच्या स्क्रीनवर, तुमच्या साईजला, तुमच्या चष्म्यातून करा. दुसऱ्याने टाकलेले स्क्रीनशॉट बघून फॉन्ट निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घेणं.

शून्याच्या तीन जाती आहेत. तिरप्या रेघेचं (कन्सोलास, मेन्लो, इनकन्सोलाटा), मध्ये ठिपका असलेलं (सोर्स कोड प्रो, आयबीएम प्लेक्स मोनो, उबुंटू मोनो) आणि कोरं (कुरिअर न्यू). ठिपक्यावाल्यांचं म्हणणं असं की डेन्मार्क-नॉर्वेच्या लिपीत तिरपी रेघ मारलेला ओ हे खरोखरचंच अक्षर आहे, त्याच्याशी गोंधळ नको. आपल्याला त्याचं काही घेणंदेणं नाही, त्यामुळे तुमचं टोपणनाव बिनधास्त ठेवा.

आणि कुरिअर न्यू चुकूनही घेऊ नका. मूळ कुरिअर १९५० च्या दशकात आयबीएमच्या टाईपरायटरसाठी हॉवर्ड केटलरने केला, तो चांगला भरीव दिसायचा कारण शाईच्या फितीतून ठसा कागदावर पसरायचा. संगणकासाठी कुरिअर न्यू करताना टाईपरायटरच्या गोळ्यावरची बारीक अक्षरं जशीच्या तशी उचलली, फितीचं पसरणं हिशोबात धरलंच नाही. म्हणून तो स्क्रीनवर उपाशी दिसतो.

अंबडचा_सेटर
मंगळवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी कोडिंगवाला नाही भो, सीएनसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर) आहे अंबडला, पण शून्य आणि ओ चं दुखणं आमच्याएवढं कोणालाच नसेल म्हणून बोलतो. फानूक कंट्रोलरला प्रोग्रामचा नंबरच मुळात इंग्रजी ओ ने सुरू होतो आणि त्याच्यापुढे चार आकडे, म्हणजे पहिला प्रोग्राम असला तर ओ शून्य शून्य शून्य एक, आता हे नोटपॅडमध्ये कोऱ्या शून्याच्या फॉन्टमध्ये बघितलं की चार अंडी आणि एक काठी. नवीन पोरगं आलं होतं, त्याने पाचही आकडेच समजून सुरुवातीला शून्य मारलं, पेनड्राइव्ह लावला तर मशीन फाईल घेईना, त्याने पेनड्राइव्ह तीन वेळा फॉरमॅट केला, मग दुसरा आणला, मग मला फोन. दुसऱ्या एका वेळी एक्सच्या आकड्यात मध्येच ओ गेला, दहा पूर्णांक पाचच्या जागी एक-ओ-पॉइंट-पाच, अलार्म आला आणि पाऊण तास मशीन उभं, सुपरवायझर डोक्यावर. जॉब गेला नाही एवढंच नशीब.

तेव्हापासून शॉपच्या पीसीवर नोटपॅडचा फॉन्ट मी कन्सोलास केला साईज १८, आणि कोणी बदलू नये म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी लावलीये.

खटखट_काकू, नाशिकरोड
मंगळवार, दुपारी ४:०५

सेटर भाऊ, तुमच्या पोराला रागवू नका. मी नाशिकरोडला सव्वीस वर्षं टायपिंगचे क्लास घेतले, मराठी ३० आणि ४०, इंग्रजी त्याच्याही वर. कित्येक जुन्या इंग्रजी मशीनवर एकचं बटणच नसायचं! छोटा एल दाबायचा आणि तोच एक म्हणून खपायचा. काही मशीनवर शून्यही नसे, मोठा ओ मारायचा. कागदावर वाचणाऱ्या माणसाला संदर्भाने कळायचं, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. तशा मशीनवर बोटं बसलेली माणसं पुढे संगणकावर आली आणि तिथेही एलच दाबू लागली. माझ्या क्लासमधूनच गेलेला एक विद्यार्थी वीजबिलाच्या एंट्रीला लागला होता, त्याला ही सवय सुटायला दोन महिने लागले.

आणि तुमचं हे मोनोस्पेस का काय ते आम्हाला नवीन नाही. टाईपरायटर म्हणजे तेच, प्रत्येक ठोक्याला गाडी तेवढीच सरकणार, मग आय असो की एम. पायका मशीन असेल तर इंचाला १० अक्षरं, एलाइट असेल तर १२. समास मोजून ठेवला की कुठला शब्द ओळीच्या कुठे संपणार हे कागद लावायच्या आधी सांगता यायचं.

मराठी मशीन तर फार हुशार होतं. वरच्या-खालच्या मात्रा, उकार, अनुस्वार ह्यांची बटणं मेलेली असायची, म्हणजे दाबलं तरी गाडी हलत नाही. श, ण, भ, ध ही अक्षरं अर्धी मारायची आणि मग काना द्यायचा की पूर्ण होतात, त्यामुळे अर्ध्या अक्षरांसाठी वेगळी बटणं लागतच नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. सगळं बोटांत बसलेलं. गोदरेजने १९५५ साली भारतात टाईपरायटर करायला घेतले, माझ्याकडचं मशीन त्यांचंच, अजून चालतं, नातू त्यावर पत्त्याची पाकिटं टाईप करतो.

तिरपा_शून्य
मंगळवार, सायंकाळी ६:३०

काकू, बटणच नव्हतं हे माहीतच नव्हतं मला! आमच्या ऑपरेटरला विचारलं आत्ता. तो म्हणे, सर कीबोर्डवर वरच्या ओळीत हात जात नाही, ओ जवळ आहे म्हणून. म्हणजे त्याची परंपरा वेगळीच निघाली.

भद्रकालीचा_भुंगा
मंगळवार, सायंकाळी ६:४१

काकूंचा प्रतिसाद वाचून आधीचा खवचटपणा मागे घेतो. मात्र मी अजूनही जो फॉन्ट आपोआप येतो तोच वापरतो आणि पगार वेळेवर होतो.

देवळालीचा_देवा
मंगळवार, रात्री ९:१०

फिरा कोडचं नाव कोणी कसं काढलं नाही? लिगेचर, म्हणजे दोन चिन्हं जोडून एकच चित्र, एकदा वापरून बघा. != लिहिलं की बरोबरच्या चिन्हावर काट मारलेली दिसते, => चा खराखुरा बाण होतो, >= शाळेतल्या गणितासारखं दिसतं. फाईलमध्ये अक्षरं दोनच राहतात आणि जागाही दोघांचीच घेतात, फक्त चित्र बदलतं. मूळ फिरा मोझिलाने फायरफॉक्स ओएससाठी करून घेतला, निकिता प्रोकोपोव्हने त्यात ही चिन्हं घातली. व्हीएस कोड ह्या एडिटरमध्ये लिगेचर आपोआप चालू नसतात, सेटिंगमध्ये जाऊन करावी लागतात.

अक्षरवेडी
मंगळवार, रात्री ९:३५

दिसायला गोड आहेत, मान्य. पण कॉलेजरोडच्या एका क्लासमध्ये मी शनिवारी पायथन (प्रोग्रामिंगची एक भाषा) शिकवते, पहिल्या बॅचला प्रोजेक्टरवर फिरा कोडच लावला होता. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "मॅम, तो काट मारलेला बरोबर माझ्या कीबोर्डवर नाहीये, दुसरा कीबोर्ड घ्यावा लागेल का?" अर्धा वर्ग हसला नाही, कारण त्यांनाही तेच विचारायचं होतं. त्या दिवशी लिगेचर बंद केले. एकटीने काम करताना चालू, कोणाला दाखवताना बंद, असं माझं आहे.

देवळालीचा_देवा
मंगळवार, रात्री ९:४०

हे मात्र खरंय. माझ्या टीम लीडने स्क्रीनशेअरमध्ये विचारलं होतं, हे कुठलं नवीन ऑपरेटर आहे. मी पण दोन सेकंद विचारात पडलो.

सिन्नरची_सई
मंगळवार, रात्री १०:१५

लॅपटॉप १३६६ आहे म्हणालात म्हणून रुंदीचं गणित मांडते, ते कोणी सांगत नाही. मोनोस्पेस फॉन्टमधे प्रत्येक अक्षराची रुंदी साईजच्या ठरावीक पटीत असते. जेटब्रेन्स मोनो, फिरा कोड, कुरिअर न्यू हे साधारण ०.६ वाले. कन्सोलास ०.५५. इनकन्सोलाटा, उबुंटू मोनो आणि आयोसेव्का ०.५, म्हणजे अक्षर साईजच्या बरोबर निम्मं रुंद. आता १६ पिक्सेलला ८० अक्षरांची ओळ धरा. ०.६ वाल्याला ७६८ पिक्सेल लागतात, ०.५ वाल्याला ६४०. दोन फाईली शेजारी शेजारी उघडल्या तर १५३६ विरुद्ध १२८०. तुमच्या १३६६ त दुसरं बसतं (लाइन नंबर आणि बाजूचा फाईलींचा पट्टा बंद केलात तर, जेमतेम), पहिलं बसतच नाही, आडवं सरकवत बसा.

मी ह्याच कारणासाठी आयोसेव्कावर आले. पहिले चार दिवस अक्षरं चेंगरल्यासारखी वाटतात, लोकलच्या डब्यात उभी असल्यासारखी. पाचव्या दिवसापासून बाकीचे फॉन्ट अघळपघळ वाटायला लागतात.

ही ८० ची भानगडही मजेशीर आहे, आयबीएमने १९२८ साली पंचकार्डावर ८० रकाने केले तिथून ती टर्मिनलात आली आणि आपण अजून पाळतोय. योगायोग बघा, आपल्या नाशिकरोडची करन्सी नोट प्रेसही १९२८ चीच.

सातपूरकर
मंगळवार, रात्री १०:२२

रुंद आहे म्हणून काय झालं, जेटब्रेन्सची छोटी अक्षरं मुद्दाम उंच ठेवलीत. त्यामुळे १३ ला ठेवलात तरी दुसऱ्या फॉन्टच्या १४ एवढा वाचता येतो. साईज एकने कमी करा आणि परत गणित मांडा ताई.

सिन्नरची_सई
मंगळवार, रात्री १०:३०

मांडलं. १५ ला ७२०, दोनचे १४४०. अजून बसत नाही दादा.

सातपूरकर
मंगळवार, रात्री १०:३१

मॉनिटर घ्या नवीन.

रंगीत_खडू
बुधवार, सकाळी ९:५०

मी कॉमिक मोनो (कॉमिक सान्सच्या वळणाचा) वापरतो. हसून घ्या सगळ्यांनी एकदाचं.

झालं? आता ऐका. त्यात एकाही अक्षराचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही, हाताने लिहिल्यासारखी प्रत्येकाची ढब वेगळी, आणि मला लहानपणापासून अक्षरं उलटीसुलटी दिसायचा थोडा त्रास आहे, मला ह्यात चुका कमी होतात. दोन वर्षं झाली. ऑफिसात 'लग्नपत्रिकेत कोड लिहितोस का' म्हणून चिडवतात, चिडवोत.

अक्षरवेडी
बुधवार, सकाळी १०:०५

हसायचं काहीच नाही त्यात. इंटेलने २०२३ मध्ये वन मोनो काढला तो कमी दिसणाऱ्या डेव्हलपर लोकांना विचारून विचारूनच केला. ब्रेल इन्स्टिट्यूटचा अ‍ॅटकिन्सन हायपरलेजिबल आहे, त्याची मोनो आवृत्ती २०२५ ला आली. दोन्ही फुकट. तिरपा_शून्य, चाळिशीवाल्यांनी हे दोन बघाच.

मॅकवाली
बुधवार, दुपारी १२:३०

एक पुरवणी. कोणी मॅकला साधा फुल एचडी मॉनिटर जोडत असेल तर तिथे सगळेच फॉन्ट पुसट आणि फुगीर दिसतात, दोष फॉन्टला देऊ नका. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अ‍ॅपलने सबपिक्सेल स्मूदिंग (अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवायची युक्ती) काढलं. उलट कन्सोलास विंडोजच्या क्लिअरटाईपसाठीच (तशाच युक्तीसाठी) घडवलेला, म्हणून तो विंडोजवर देखणा आणि बाकी ठिकाणी परका वाटतो. ह्याच फरकामुळे मी आणि नवरा एकाच फॉन्टवरून तीन दिवस भांडलो, तो म्हणे बारीक आहे, मी म्हणे जाड आहे, आणि दोघंही आपापल्या स्क्रीनपुरते बरोबर होतो.

तिरपा_शून्य
बुधवार, रात्री ८:४५

वाचतोय सगळं. काल दिवसभर काम कमी केलं आणि फॉन्टच जास्त बदलले, क्लायंटला सांगू नका. इंटेल वन मोनो मॉनिटरवर १५ ला छान वाटला, कंस एकदम स्वच्छ, महिरपी आणि साधा लांबूनही वेगळे कळतात.

पण मराठीचं कोणीच बोललं नाही. माझ्या टर्मिनलमध्ये (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) तालुकावार रिपोर्ट छापतो, इंग्रजी नावं असली की रकाने सुतासारखे सरळ आणि मराठी आली की दारू प्यायल्यासारखे.

सिन्नरची_सई
बुधवार, रात्री ९:२०

ते सरळ होणारच नाहीत, कारण 'अक्षर' म्हणजे काय ह्यावरच मशीनचं आणि आपलं एकमत नाही. 'त्र्यंबकेश्वर' घ्या. आपण वाचताना पाच अक्षरं म्हणतो: त्र्यं, ब, के, श्व, र. पायथनला लांबी विचारा, १३ सांगेल, कारण हलंत, मात्रा, अनुस्वार सगळे सुटे मोजतो. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ३९. आता रकाना २० चा करायला तुमचा कोड १३ धरून ७ जागा भरतो. टर्मिनल हलंताला, वरच्या मात्रेला आणि अनुस्वाराला शून्य जागा देतं, काना-वेलांटीला सहसा एक देतं. आणि फॉन्ट जोडाक्षर त्याला वाटेल तेवढ्या रुंदीत काढतो. तिघांचे तीन हिशोब, रकाना कसा जुळणार. 'नाशिक' साधा आहे तरी वाचायला तीन आणि मोजायला पाच.

म्हणून मी मराठी रिपोर्ट टर्मिनलमध्ये छापतच नाही. एचटीएमएलचा तक्ता करते किंवा एक्सेलला देते, तिथे रकान्याला स्वतःची भिंत असते.

खटखट_काकू
बुधवार, रात्री ९:४५

म्हणजे आमच्या मशीनची मेलेली बटणं तुमच्या संगणकात अजून अर्धीच मेलीत म्हणायची.

सिन्नरची_सई
बुधवार, रात्री ९:४८

काकू, अगदी हेच. ह्यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

अक्षरवेडी
बुधवार, रात्री १०:१०

एडिटरपुरतं सांगते. ह्या धाग्यातल्या एकाही कोडिंग फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी आलं की सिस्टिम स्वतःच दुसरा फॉन्ट उसना आणते, विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर. तो उसना कुठला असावा हे तुम्ही ठरवू शकता. व्हीएस कोडच्या फॉन्ट फॅमिलीत पहिलं नाव इंग्रजी फॉन्टचं, मग स्वल्पविराम, मग देवनागरीचं. मी दुसऱ्या जागी मुक्ता ठेवलाय, 'एक टाईप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा, फुकट आहे, बारीक साईजलाही मात्रा गिचमिड होत नाहीत. आणि ओळींतलं अंतर वाढवा, १.६ तरी. कोडिंगवाले ओळी चिकटवून ठेवतात आणि मग 'र्की' चा रफार वरच्या ओळीत घुसतो नाहीतर कापलाच जातो.

देवळालीचा_देवा
बुधवार, रात्री १०:२५

मराठी कॉमेंट लिहितं का कोणी खरंच? पायथनमध्ये व्हेरिएबलचं नावही मराठी चालतं म्हणे.

तिरपा_शून्य
बुधवार, रात्री १०:३२

चालतं. एकूण = दर * वजन असं लिहिलं तर मुकाट्याने चालतं. देवनागरी आकडे स्ट्रिंगमधून (मजकुरातून) इंटमध्ये (पूर्णांकात) टाकले तरी घेतो, '१२' दिलं तर बारा देतो. नावं मराठी ठेवायचा मोह आवरलाय, पण कॉमेंट मराठीच, प्रतवारीचे नियम इंग्रजीत लिहायला गेलो की मलाच कळत नाहीत नंतर.

निफाडची_थंडी
गुरुवार, सकाळी ६:५०

पहाटे उठून बागेत शेकोटी करून आलोय त्यामुळे बोटं वाकडी पडतील, सांभाळून घ्या. मी डेटाचं काम करतो, आणि सांगतो की शून्य-ओ निदान दिसतो तरी. न दिसणारं काय आहे ते बघा.

खाली दोन शब्द लिहितो:

शेतकऱ्याचे        शेतकर्‍याचे

सारखे आहेत ना? कुठल्याही फॉन्टमध्ये टाका, जेटब्रेन्समध्ये टाका नाहीतर कॉमिकमध्ये टाका, सारखेच दिसतील. आणि मशीनला विचारलंत की हे दोन समान आहेत का तर नाही म्हणेल. आपला हा जो मराठी अर्धा र आहे, वऱ्हाड, कुऱ्हाड, दुसऱ्या मधला, तो दोन पद्धतीने टाईप होतो. एका पद्धतीत नुक्तावाला ऱ आणि हलंत, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलंत आणि त्यांच्यापुढे एक अदृश्य जोडणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. कोणाचा कीबोर्ड हे काढतो, कोणाचा ते. हिंदीवाल्यांना हे दुखणं फारसं नाही, हे आपलं घरचं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगळ्या तऱ्हेने टाईप झालेलं एकसारखं करणं) चालवलं तरी दोन्ही एक होत नाहीत, स्वतः बदलून घ्यावं लागतं. माझ्या एका यादीत 'शेतकऱ्याचे नाव' हा रकाना अर्ध्या फाईलींमध्ये सापडायचा आणि अर्ध्यांमध्ये नाही, मी फाईली पाठवणाऱ्या बिचाऱ्या माणसाला तीन वेळा परत पाठवायला लावल्या.

तसंच विसर्ग आणि कोलन. दुःख लिहिताना निम्मी जनता कोलन मारते. तिथे निदान चांगल्या फॉन्टमध्ये टिंबांची उंची जरा वेगळी दिसते, पण ह्या जॉइनरला फॉन्ट काही करू शकत नाही.

तर वरच्या दोनांत जॉइनर कुठल्यात आहे, ओळखा.

भद्रकालीचा_भुंगा
गुरुवार, सकाळी ७:३०

आता मला भीती वाटायला लागलीये.

अंबडचा_सेटर
गुरुवार, दुपारी १:१५

मोबाइलवर बघतोय, चष्मा काढून पुसून परत लावला, दोन्ही सारखेच आहेत भो. आमचं ओ आणि शून्यच बरं.

खटखट_काकू
गुरुवार, दुपारी ३:४०

मला काही दिसलं नाही, पण नातवाने दोन्ही शब्द उचलून पायथनला लांबी विचारली. डावीकडचा १० म्हणाला, उजवीकडचा ११. म्हणजे उजवीकडच्यात एक भूत आहे.

निफाडची_थंडी
गुरुवार, सायंकाळी ५:०५

बरोबर काकू! नातवाला सांगा, रेप्र (लपलेलं दाखवणारं पायथनचं फंक्शन) करून बघ, भूत कोडसकट बाहेर येईल.

तिरपा_शून्य
गुरुवार, रात्री ११:३०

शेवटी काय ठरलं ते लिहितो. मॉनिटरवर इंटेल वन मोनो १५, लॅपटॉपवर आयोसेव्का १६ (सई ताई, दोन फाईली बसल्या, लाइन नंबर बंद करून), दोन्हीकडे दुसऱ्या जागी मुक्ता, ओळीचं अंतर १.६, लिगेचर बंद. ग्रिडमधून एरियल काढला, तिथे कन्सोलास. ऑपरेटरच्या पीसीवरही कन्सोलास, साईज १८, सेटर भाऊंची चिठ्ठीसुद्धा लावली.

मग निफाडकरांचा प्रतिसाद वाचून सहज गावांचा आणि नावांचा मास्टर तपासला. दोन्ही प्रकारचे र आहेत. चारशे बारा ओळी. काही आडनावं एकाच माणसाची दोनदा आहेत आणि सिस्टिमला ते दोन वेगळे शेतकरी वाटतायत, एकाच्या खात्यात माल आणि दुसऱ्याच्या खात्यात उचल.

चहा टाकलाय. बायकोला म्हटलं मागे येऊन उभी राहा जरा, पण ह्यावेळी तिलाही काही दिसणार नाही.